२–८ अंशांची औषधं विमानाने पाठवताना नेमकं बिघडतं कुठे?

पाठवणीकर (धागाकर्ता)

मंडळी, कामाचाच प्रश्न आहे, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्याकडून इंजेक्शनच्या व्हायल्स परदेशी जातात. साठवण २ ते ८ अंश सेल्सिअस. पॅसिव्ह बॉक्स वापरतो, म्हणजे थर्माकोलच्या जाड भिंती, आत गोठवलेले जेल पॅक आणि मध्ये माल. मशीन नाही, बॅटरी नाही. बॉक्सच्या कागदावर ९६ तास लिहिलंय आणि आमचा दारापासून दारापर्यंतचा प्रवास त्याच्या आत आरामात बसतो. गेल्या खेपेला थेट विमान मिळालं नाही, वाटेत विमान बदललं. माल पोचल्यावर लॉगरचा (वाटेतलं तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा) आलेख आला तर त्यात दोन ठिकाणी घोळ. मधल्या विमानतळावर पारा १२ च्या वर गेलेला, आणि शेवटच्या विमानतळावर तो घसरत घसरत ०.८ ला टेकलेला. गिऱ्हाइकाच्या क्यूएने, म्हणजे गुणवत्ता विभागाने, अख्खी खेप अडकवून ठेवली आहे.

आता सगळ्यांचा खो-खो चालू आहे. विमान कंपनी म्हणते, होल्डचं (विमानाच्या पोटातल्या मालाच्या जागेचं) तापमान ५ ला लावलं होतं, हा घ्या पुरावा. फॉरवर्डर (वाहतूक जुळवून देणारा) म्हणतो, बॉक्स कच्चा होता. बॉक्सवाला म्हणतो, चाचणीचा अहवाल बघा, ९६ तास पास. तिघांचेही कागद चोख, आणि माल मात्र पडून.

बिघाड कुठे झाला ते शोधायचं कसं? आणि एकाच प्रवासात माल गरमही झाला आणि गारही, हे कसं काय?

रॅम्पवरचा

विमानाला सध्या बाजूला ठेवा. हवेत असताना माल बहुतेक वेळा सुखरूप असतो. बाहेर उणे ५० च्या आसपास असतं, पण होल्डला केबिनसारखाच दाब असतो आणि उबेची सोय विमानाच्या प्रकाराप्रमाणे कमीजास्त असते. दार बंद, ऊन नाही, कुणाचा हात लागत नाही. घात होतो तो जमिनीवर, माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना.

असं करा. एअर वे-बिलाच्या, म्हणजे विमानमालाच्या पावतीच्या, ट्रॅकिंगमधले टप्पे काढा. आरसीएस म्हणजे माल विमान कंपनीने स्वीकारला, डीईपी म्हणजे उड्डाण, एआरआर म्हणजे विमान उतरलं, आरसीएफ म्हणजे माल विमानातून निघून गोदामात नोंदला गेला, एनएफडी म्हणजे घेणाऱ्याला कळवलं, डीएलव्ही म्हणजे सुपूर्द. प्रत्येकाला तारीख-वेळ असते. लॉगरच्या आलेखाची छापील प्रत घ्या आणि त्यावर पट्टी ठेवून या वेळांच्या उभ्या रेघा मारा. एकच सांभाळा: लॉगर बरेचदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) किंवा जिथे चालू केला तिथल्या घड्याळावर चालतो, आणि ट्रॅकिंगमधली वेळ त्या त्या विमानतळाची स्थानिक असते. हा फरक न धरता रेघा मारल्या की खापर भलत्याच्याच माथी फुटतं. असे दावे पाहिलेत.

रेघा मारल्या की एआरआर आणि आरसीएफ यांच्यामधलं अंतर आधी बघा. विमान उतरलंय, पण माल अजून गोदामात नाही. मग तो आहे कुठे? रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात तिथे, डॉलीवर (ओढगाडीवर), उघड्यावर. पॅलेटवर जाळी, जाळीखाली प्लास्टिक, वर ऊन, खाली तापलेलं काँक्रीट. हवामान अहवालात ३० अंश लिहितात ते सावलीतल्या हवेचे. प्लास्टिकच्या आत कोंडलेल्या हवेचा आकडा त्याहून कितीतरी वर जातो.

निव्वळ_वाचक

वाचतोय. या विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण रोचक आहे.

थर्मोकोळी

रॅम्पवरचा यांच्याशी सहमत, पण बॉक्सला इतक्या लवकर सोडू नका.

"९६ तास" हे कशाच्या विरुद्ध मोजलेत ते विचारा. बॉक्स चाचणीच्या कपाटात ठेवतात आणि बाहेरचं तापमान ठरलेल्या क्रमाने वरखाली करतात. त्याला प्रोफाइल म्हणतात. उन्हाळी वेगळं, हिवाळी वेगळं. शिवाय आत किती माल होता, जेल पॅक किती आणि कुठे होते, ते किती वेळ गोठवले आणि किती वेळ बाहेर काढून ठेवले, हे सगळं त्या ९६ मध्ये धरलेलं असतं. यातलं एक जरी बदललं तरी तो आकडा तुमच्या खेपेला लागू होत नाही. अर्धवट भरलेला बॉक्स हे नेहमीचं उदाहरण. आत माल कमी म्हणजे उष्णता पिणारं वस्तुमान कमी, म्हणून पारा भराभर हलतो, दोन्हीकडे.

आता जेल पॅक. बहुतेकांत पाणीच असतं. बर्फ वितळताना किलोमागे सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. स्वस्त आणि जबरदस्त. पण वितळतो शून्याला, आणि तुम्हाला हवेत ५. म्हणजे आतला माल हा शून्याचा बर्फ आणि बाहेरची ऊब यांच्या ओढाताणीत कुठेतरी मध्ये स्थिरावलेला असतो. बॉक्सची मांडणी हा समतोल गृहीत धरूनच केलेली असते. बाहेरून ठरावीक उष्णता आत झिरपत राहिली तरच आत ५ टिकतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल असं वाटतंय.

माझे तीन प्रश्न: बॉक्स पूर्ण भरलेला होता का? जेल पॅक फ्रीझरमधून काढून लगेच भरले की थांबून? आणि लॉगर नेमका कुठे होता?

पाठवणीकर

रेघा मारल्या, वेळेचा फरक धरून. १२ अंशांचा उंचवटा मधल्या विमानतळावर एआरआर ते आरसीएफ यांच्या बरोब्बर मध्ये येतोय, जवळजवळ चार तास. रॅम्पवरचा, तुमच्या तोंडात साखर पडो.

०.८ ची घसरण मात्र शेवटच्या विमानतळावर आरसीएफनंतर सुरू होते आणि डीएलव्हीपर्यंत चालूच राहते. माल गोदामात गेल्यावर! तिथे कस्टम्ससाठी थांबला होता.

जेल पॅक एसओपीप्रमाणे (ठरलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे) बाहेर काढून घाम फुटेपर्यंत ठेवले होते, नोंद आहे. बॉक्समध्ये माल पाऊण भरलेला, उरलेल्या जागेत कागद. लॉगर खोक्यांच्या मध्ये टेपने लावला होता, पण गिऱ्हाइकाने बॉक्स उघडतानाचा फोटो पाठवलाय त्यात टेप सुटून लॉगर एका बाजूच्या जेल पॅकला टेकलेला दिसतोय.

क्यूएवाली

लॉगर जेल पॅकला टेकलेला होता म्हणून "०.८ हे मालाचं तापमान नाहीच" असा युक्तिवाद करायचा मोह होईल. करू नका, निदान एवढ्याच आधारावर नको. टेप कधी सुटला ते तुम्हाला ठाऊक नाही. कदाचित बॉक्स उघडतानाच सुटला असेल. क्यूएला "असेल कदाचित" चालत नाही. बॉक्समध्ये दुसरा लॉगर असता तर गोष्ट वेगळी.

एअरवेबिल

माझा एक प्रश्न, मग बाकीचं. बॉक्सवर निळं वेळ-तापमानाचं लेबल असेल, आयाटाने (विमान कंपन्यांच्या संघटनेने) १ जुलै २०१२ पासून सक्तीचं केलेलं. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात कोणते आकडे लिहिले होते? आणि वे-बिलावर हाताळणीची सूचना काय होती?

पाठवणीकर

लेबलवर +२ ते +८. वे-बिलावर "कायम २–८ अंशांत ठेवावे". खरेदीदाराच्या ऑर्डरमध्ये हेच वाक्य होतं, तेच जसंच्या तसं पुढे गेलं. औषधाच्या खोक्यावरही हेच छापलेलं असतं ना?

एअरवेबिल

सापडलं तुमचं ०.८.

त्या लेबलवर औषधाचं साठवण तापमान लिहायचं नसतं. वाहतुकीत बॉक्सच्या *बाहेर* काय तापमान राखायचं ते तिथे लिहायचं असतं, आणि वे-बिलावरही तेच. गोदामातला माणूस बॉक्स उघडून बघत नाही, त्याने बघूही नये. त्याला फक्त लेबल दिसतं. लेबलवर २–८ दिसलं की तो इमानेइतबारे बॉक्स २–८ च्या शीतगृहात नेऊन ठेवतो. त्याने आपलं काम चोख केलं.

पण तुमचा बॉक्स कदाचित बाहेर १५–२५ असेल असं धरून बनवलाय. पुढचं थर्मोकोळी सांगतील.

थर्मोकोळी

सांगतो. आत शून्याचा बर्फ, बाहेर ४ अंशांचं शीतगृह. आत झिरपणारी उष्णता जवळजवळ बंद. बर्फ वितळायचं नाव घेत नाही आणि माल हळूहळू बर्फाकडे ओढला जातो. पाऊणच भरलेला असेल तर आणखी लवकर. तासन्‌तास असाच राहिला तर ०.८ ही अगदी अपेक्षित जागा आहे, त्यात नवल काही नाही.

म्हणजे जो बॉक्स रॅम्पच्या उन्हात चार तास तग धरून फक्त १२ ला गेला, त्याच बॉक्सला शीतगृहाने मारलं. औषधाला २–८ हवं होतं, बॉक्सला १५–२५. बॉक्सच्या चाचणीचा अहवाल उघडा, त्यात बाहेरच्या तापमानाचा पट्टा दिलेला असतो. लेबलवर तो जायला हवा.

यावर कायमचा उपाय म्हणजे पाण्याचे पॅक सोडून ५ अंशांच्या आसपास वितळणारं पीसीएम (ठरावीक तापमानाला गोठणारं-वितळणारं द्रव्य) वापरणं. ते गोठतं-वितळतं तेच ५ ला, त्यामुळे बाहेर शीतगृह असो की रॅम्प, माल ५ कडेच ओढला जातो. किलोमागे उष्णता शोषण्याची ताकद पाण्यापेक्षा कमी, म्हणून जास्त वजन लागतं, महागही पडतं. पण बर्फाला चिकटून माल गोठायची भीती जवळपास संपते.

आडवाप्रश्न

एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा अॅक्टिव्ह कंटेनर का घेत नाही? थर्मोस्टॅट लावला, दार लावलं, विषय संपला.

एअरवेबिल

विषय तिथे सुरू होतो.

एन्व्हिरोटेनर, सीसेफ या कंपन्यांचे कंटेनर चांगलेच आहेत, कॉम्प्रेसर आणि हीटर दोन्ही असलेले, त्यामुळे बाहेर रणरणतं ऊन असो की कडाका, आत ५ राहतात. पण आरकेएन आकाराच्या कंटेनरमध्ये एक युरो पॅलेट मावतं आणि तो रुंद विमानाच्याच पोटात जातो. शेवटचा टप्पा छोट्या विमानाचा असेल तर माल कंटेनरमधून बाहेर काढावाच लागतो, म्हणजे साखळी तिथेच तुटली. कंटेनर भाड्याने असतो, भाडं दिवसावर, परत पोचवण्याची जबाबदारी कुणाची ते आधी ठरवावं लागतं. बॅटरीवर चालतो, म्हणजे प्रत्येक थांब्यावर कुणीतरी तो चार्जिंगला लावायला हवा. लावला का, हे बघणाराही हवा. धागाकर्त्यांचे मोजके बॉक्स आहेत, त्यांच्यासाठी एवढा कंटेनर म्हणजे रिकामी जागा थंड करत फिरणं.

मोठी खेप, महागडं जैविक औषध, थेट रुंद विमान असेल तर डोळे झाकून अॅक्टिव्ह घ्या. नाहीतर चांगला पॅसिव्ह आणि नीट लिहिलेलं वे-बिल.

वे-बिलावर कोडही बरोबर हवेत. औषध म्हणून पीआयएल, पॅसिव्ह पॅकिंग म्हणून पीआयपी, बाहेर २–८ हवं असेल तरच सीओएल, १५–२५ हवं असेल तर सीआरटी, २–२५ चालत असेल तर ईआरटी, अॅक्टिव्हला एसीटी. तुमच्यावर सीओएल पडला असणार. आणि माल फार्मा म्हणून बुक केलाय की साधा कार्गो म्हणून, हेही पाहा. साध्या कार्गोचं भाडं भरून फार्माची वागणूक मागता येत नाही. विमान बदलणारच असेल तर मधल्या विमानतळावर फार्माची सोय आहे का ते बुकिंगच्या आधी विचारायचं. औषधांच्या हाताळणीसाठी आयाटाचं सीईआयव्ही फार्मा प्रमाणपत्र २०१४ पासून आहे, ते त्या विमानतळावरच्या हँडलरकडे (जमिनीवर माल हाताळणाऱ्या कंपनीकडे) आहे की फक्त विमान कंपनीकडे, हा फरक लोक विसरतात. रॅम्पवर चार तास तुमचा माल हँडलरच्या ताब्यात होता.

क्यूएवाली

सगळे ०.८ च्या मागे लागलेत ते बरोबरच आहे, पण का ते सांगते. माल सोडायचा की नष्ट करायचा हे त्यावर ठरणार आहे.

१२ अंशांचं मी फारसं मनावर घेणार नाही. फ्रीजमध्ये ठेवायच्या औषधांचा स्थिरता अभ्यास आयसीएच क्यू१ए या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे होतो तेव्हा दीर्घकालीन चाचणी ५ अधिक-उणे ३ अंशांवर आणि वेगवर्धित चाचणी २५ अंश, ६० टक्के आर्द्रतेवर सहा महिने चालते. तो डेटा तुमच्या उत्पादनासाठी असेल आणि स्वच्छ असेल, तर काही तास १२ अंश हे त्याच्यासमोर किरकोळ आहे. उत्पादकाकडून लेखी मूल्यांकन घ्या, विचलन नोंदवा, सुटका होईल. मात्र दर वेळी असंच सुटेल असं नाही, एकाच बॅचला वाटेत दोनतीनदा असे झटके बसले तर ते सगळे एकत्र धरावे लागतात.

खालच्या बाजूला तुमच्याकडे असा आधारच नसतो. २५ अंशांचा डेटा गोठण्याबद्दल काहीही सांगत नाही. सरासरी गतिज तापमान, ज्याला सगळे एमकेटी म्हणतात, तेही इथे कामाचं नाही. ते उष्णतेने होणाऱ्या रासायनिक ऱ्हासाचं गणित आहे. गोठण्याचा घात वेगळ्या जातीचा. इन्सुलिन एकदा गोठलं की टाकून द्यायचं, परत वितळून ते पूर्वीसारखं होत नाही. अॅल्युमिनियमचं क्षार असलेल्या लसी, हिपॅटायटिस बी, डीटीपी वगैरे, गोठल्या की त्यातल्या कणांचे गठ्ठे होतात आणि ताकद जाते. बाहेरून व्हायल अनेकदा ठीकठाकच दिसते. प्रथिनांच्या इतर औषधांतही गुठळ्या होऊ शकतात. आणि लसीच्या बाटलीवरचा व्हीव्हीएम, तो रंग बदलणारा चौकोन, फक्त उष्णता नोंदवतो. गोठलेली लसही त्यावर छान दिसते.

आता तुमच्या बाजूचा मुद्दा. ०.८ म्हणजे गोठणं नव्हे. क्षार, साखर असलेलं जलीय द्रावण शून्याच्याही थोडं खालीच गोठतं. लसींच्या साखळीत वापरतात ते गोठण-सूचक यंत्रसुद्धा उणे ०.५ ला सलग ६० मिनिटं राहिल्याशिवाय अलार्म देत नाही. पण लॉगरची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश असेल, तर ०.८ म्हणजे ०.३ ही असू शकतं. आणि बर्फाला टेकलेली एखादी बाहेरची व्हायल लॉगरहून गार असू शकते. म्हणून तीन गोष्टी मागवा: लॉगरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, उत्पादकाचा फ्रीज-थॉ (गोठवून-वितळवून बघण्याचा) अभ्यास, आणि जेल पॅकच्या लगतच्या खोक्यांतले नमुने. पावडर स्वरूपातलं, फ्रीझ-ड्राय केलेलं औषध असेल तर काळजी बरीच कमी, पण त्याच्या सोबतचं द्रावण विसरू नका.

पाठवणीकर

द्रावणच आहे, अॅल्युमिनियम नाही. फ्रीज-थॉ अभ्यास उत्पादकाकडे आहे म्हणतात, मागवलाय. क्यूएवाली, मनापासून धन्यवाद, हे तुम्ही फुकटात सांगितलंत.

रॅम्पवरचा

कुणी थर्मल ब्लँकेटचं नाव काढायच्या आत बोलून घेतो. चंदेरी आच्छादन उन्हाला उत्तम, सूर्याची किरणं परतवतं. पण ते दोन्हीकडे काम करतं. माल आधीच तापला असेल आणि मग शीतगृहात ब्लँकेटसकट ठेवला, तर गार व्हायला उलट उशीर लागतो. आणि खालची बाजू उघडी असेल तर तापलेल्या काँक्रीटची धग थेट पॅलेटला. खालूनही झाकणारं घ्या किंवा घेऊच नका.

थर्मोकोळी

"घेऊच नका" जरा जास्त झालं. १५–२५ च्या गोळ्या-कॅप्सूलसाठी अर्ध्या तासाच्या उन्हाला वरचं आच्छादनसुद्धा पुष्कळ उपयोगी आहे. २–८ साठी मात्र तुमचंच खरं.

निव्वळ_वाचक

माझा अगदी घरगुती प्रश्न. घरच्यांचं इन्सुलिन प्रवासात हातातल्या बॅगेतच ठेवा म्हणतात, ते याचसाठी का? मला वाटायचं चोरीच्या भीतीने.

क्यूएवाली

याचसाठी, आणि बॅग हरवू शकते म्हणूनही. चेक-इनची बॅगही त्याच रॅम्पवर तापते आणि सगळ्या विमानांचे होल्ड सारखे उबदार नसतात. हातातच ठेवा, डॉक्टरांचं पत्र सोबत. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत काही आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, नेमके दिवस आणि कमाल तापमान त्या-त्या औषधाच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. न उघडलेल्याला गारवा द्यायचा असेल तर बर्फाच्या पॅकला थेट टेकवू नका, मध्ये कापडाची घडी हवी. प्रवासातलं सगळ्यात जास्त इन्सुलिन वायां जातं ते बर्फाने की उन्हाने यावर आमच्याकडे वाद होतात, माझं मत बर्फाकडे आहे.

आडवाप्रश्न

मग ड्राय आइस घाला आणि मोकळे व्हा. लसी नव्हत्या का गेल्या २०२० मध्ये?

एअरवेबिल

आडवाप्रश्न, नावाला जागताय.

ड्राय आइस उणे ७८.५ अंशांना थेट वायू होतो. २–८ च्या मालाशेजारी तो ठेवणं म्हणजे माल गोठवायची हमी. २०२० मध्ये तो वापरला कारण फायझरची लस सुरुवातीला उणे ९० ते उणे ६० मध्ये ठेवावी लागत होती. गोठलेलीच राहायला हवी होती अशा लसीसाठी ते ठीक.

शिवाय विमानात ड्राय आइस हा घातक माल धरला जातो, यूएन १८४५, वर्ग ९. एका पॅकेजमध्ये जास्तीत जास्त २०० किलो, बाहेर निव्वळ वजन लिहायचं, आणि बॉक्स हवाबंद करायचा नाही. वायू बाहेर पडायला वाट नसेल तर बॉक्स फुटतो. तो कार्बन डायऑक्साइड होल्डमध्ये जमा होतो, म्हणून एका उड्डाणात एकूण किती न्यायचा याची प्रत्येक विमान कंपनीची विमानाप्रमाणे मर्यादा असते. जिवंत प्राणी त्याच होल्डमध्ये असतील तर आणखी बंधनं. तुमचा ड्राय आइसवाला बॉक्स या मर्यादेत बसला नाही म्हणून मागे राहू शकतो, आणि मग तो मागे राहिलेल्या वेळात उडून जात असतो.

जुना_खलाशी

समुद्राने पाठवा. हसू नका. रीफर (गारवा राखणारा) कंटेनर कारखान्यात भरला, सील लावला, तो गिऱ्हाइकाच्या गोदामातच उघडतो. हात बदलतात कमी. आठवडे लागतात हे खरं, पण मुदत लांब असलेल्या औषधांच्या कितीतरी कंपन्या विमानावरून जहाजाकडे गेल्या आहेत.

रॅम्पवरचा

कंटेनरभर माल असेल तर. यांचे मोजके बॉक्स आहेत.

जुना_खलाशी

ते आहे.

पाठवणीकर

आता पैशाचं. फ्रीज-थॉ अहवालाने माल सुटला नाही तर नुकसान मागायचं कुणाकडे? विमान कंपनीचा दोष एआरआर ते आरसीएफ यांतले ते चार तास, हे तर आलेखावर दिसतंय.

एअरवेबिल

दिसतंय, पण तुमचा क्यूए १२ मुळे नाही, ०.८ मुळे माल नाकारणार. आणि ०.८ तुमच्याच लेबलप्रमाणे वागल्यामुळे आलंय. विमान कंपनीचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल. १९९९ च्या माँट्रियल करारात वाहकाने न केलेलं सदोष पॅकिंग हा वाहकाचा बचाव आहेच.

तरी दावा नोंदवून ठेवा. तो करार तुमच्या मार्गाला लागू असेल तर नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत गेलीच पाहिजे, नंतर दार बंद. कोर्टात जायला दोन वर्षं. आणि मिळणार किती ते ऐकून बसा: मर्यादा किलोमागे आहे, मालाच्या किमतीवर नाही. २८ डिसेंबर २०२४ पासून किलोमागे २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), त्याआधी २२ होते. २० किलोचा बॉक्स म्हणजे ५२० एसडीआर, आत लाखमोलाचं औषध असलं तरी. मालाचं मूल्य आधी खास जाहीर करून जादा आकार भरला असेल तरच ही मर्यादा वर जाते. म्हणून विमा. तोही घेताना नीट वाचा, कारण साधी पॉलिसी प्रत्यक्ष नुकसानीची असते. "तापमान पट्ट्याबाहेर गेलं म्हणून क्यूएने नाकारला, पण औषध खराब झाल्याचं सिद्ध नाही" यावर विमा कंपन्या हमखास भांडतात. तापमान विचलनाचं कलम वेगळं मागून घ्यावं लागतं.

पाठवणीकर

१४ दिवस अजून व्हायचे आहेत. आजच पाठवतो.

पुढच्या खेपेसाठी बॉक्सवाल्याने व्हीआयपी पॅनेलचा बॉक्स सुचवलाय, ५ अंशांच्या पीसीएमसकट, बाहेर २–२५ चालेल अशा अहवालाचा. दोन लॉगर लावणार, एक मालाच्या पोटात, एक कोपऱ्यात. किंमत बघून साहेबांचा चेहरा उतरला.

थर्मोकोळी

साहेबांना आकारमानाचं गणित दाखवा. विमानात भाडं प्रत्यक्ष वजन किंवा आकारमानाचं वजन, यात जे जास्त त्यावर लागतं. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून भागिले ६०००. थर्माकोलचा बॉक्स हलका पण अवाढव्य, म्हणजे तुम्ही हवेचं भाडं भरताय. व्हीआयपी म्हणजे निर्वात पॅनेल, उष्णता थर्माकोलच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाने जाऊ देतं, म्हणून भिंत पातळ चालते. तेवढ्याच मालाला बॉक्स लहान होतो. थोड्या खेपांतच फरक दिसायला लागतो, विशेषतः बॉक्स परत आणून पुन्हा वापरला तर.

लॉगर नवीन घेत असाल तर त्यात बहुतेकदा लिथियम बॅटरी असते, आणि सिग्नल पाठवणारा असेल तर विमान कंपनीने ते मॉडेल मंजूर केलेलं आहे का ते आधी विचारा. नाहीतर स्वीकृतीच्या खिडकीवरच बॉक्स अडतो आणि तुमचे तास तिथेच मोजायला लागतात.

पाठवणीकर

पुन्हा वापरायचा तर पॅनेल पंक्चर झालंय का ते कसं ओळखायचं? बाहेरून तर सगळी सारखीच दिसतात.

थर्मोकोळी

निर्वात शाबूत असेल तोवर वरची फिल्म आतल्या गाभ्याला घट्ट चिकटलेली असते, बोटाने चिमटीत धरता येत नाही. हवा शिरली की ती सैल पडते, चिमटीत येते, कधी पॅनेल किंचित फुगतं. अडचण अशी की बऱ्याच बॉक्समध्ये पॅनेल दुसऱ्या कवचाच्या आत असतं, हात पोचत नाही. खरेदीच्या आधीच विचारा की पॅनेल सुटं काढता येतं का, किंवा आतला दाब मोजायची सोय दिली आहे का. काही उत्पादक पॅनेलमध्ये तशी चकती बसवतात आणि बाहेरून यंत्र टेकवून वाचतात. दर परतीच्या फेरीला हे तपासून बॉक्सच्या क्रमांकासमोर नोंद करा, आणि कोपरे आधी बघा. फोर्कलिफ्टचा दाता लागतो तो तिथेच.